पडणारं सोंग

मार्च लागला की नववीच्या वर्गाला साहित्यातल्या संज्ञा सांगायच्या असतात. कथानक, निवेदक, प्रसंग, पात्र. मुरबाडच्या शाळेत मी सात वर्षं हे करते आहे. फळ्यावर मोठ्या अक्षरात संज्ञा, खाली व्याख्या, मग एखादं उदाहरण. 'प्रमुख पात्र' नीट पार पडतं. 'गौण पात्र' लिहायची वेळ आली की मी खडू हातात धरूनच खिडकीशी जाते. बाहेर बघण्यासारखं फार काही नसतं. मैदानावरची धूळ, कुंपणापाशी पानं झडलेला आणि फुलांनी पेटलेला पळस, पलीकडे एसटीचा रस्ता. मी फळ्याशी येते, पुन्हा खिडकीशी जाते. परवा पहिल्या बाकावरची मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, "बाईंना काय झालंय गो? एका जागी उभ्याच नाय राहत." मला ऐकू आलं. तिचं खरं होतं.

हे दिवसच मला बसू देत नाहीत. मोहाची फुलं गळायला लागतात, सकाळी सकाळी तो गोडसर, आंबूस वास वाऱ्यावर येतो, आणि परीक्षा उद्यावर आल्यासारखी मी घरभर फिरते. परीक्षा देऊन मला इतकी वर्षं झाली. आता मीच पेपर काढते, मीच तपासते. तरी एखादी गाडी आपल्यावाचून सुटते आहे असं वाटत राहतं, आणि पायात चपला आहेत की नाहीत हे मी खाली वाकून बघते.

त्या वर्षी मी टी.वाय.ला होते. मराठी स्पेशल. आमचं गाव शेणव्याच्या पलीकडे. सकाळची पहिली एसटी धरून शहापूरला कॉलेजात जायचं आणि दुपारच्या गाडीने परतायचं. घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा पाहिली नव्हती. बाबा सही करायचे, पण ती करताना त्यांची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. आमचे मराठीचे सर फार मोठ्या मनाचे. त्यांनी स्वतःची पुस्तकं मला घरी नेऊ दिली, गाडी चुकली तर वर्गात उशिरा येऊ दिलं. आज मी फळ्यापुढे उभी आहे त्यात त्यांचा वाटा फार मोठा. पण साहित्यविचाराचा पेपर मला काही केल्या जमत नव्हता. महाकाव्याची लक्षणं, कथेचे घटक, कवितेचे अलंकार. तीन वह्या भरल्या होत्या आणि पूर्वपरीक्षेत त्याच पेपरात मी नापास झाले.

सर म्हणाले, "तू पाठ करतेस, तुला कळत नाही. घरी कुणाला तरी समजावून सांग. सांगता आलं की कळलं."

समजावून सांगायला घरात माणसं दोनच. त्यातल्या आईला वेळ नव्हता. धरणाचं पाणी भातसानगरवरून मुंबईकडे जायचं आणि आमच्या नदीचं पात्र फाल्गुनातच कोरडं पडायचं. बायका वाळूत खड्डा खणून, त्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरत. मी ओट्यावर बसून घोकत असायचे आणि आई डोक्यावरचा हंडा उतरवत म्हणायची, "तिकडं पात्रात पानी नाय, आन हिचं आपलं पात्र, पात्र, पात्र."

"आई, बघ, नदीचं पात्र, भांड्याचं पात्र आन गोष्टीतलं पात्र. एकाच शब्दाचे तीन अर्थ. याला श्लेष म्हणतात."

"धर आधी हंडा. मग श्लेष कर."

राहिले बाबा. आणि बाबा त्या दिवसांत अंगणात बसून मुखवटा घासत असायचे.

आमच्या गावात चैत्रात बोहाडा होतो. संबळ आणि पिपाणी वाजते, आणि देवांची, राजांची, राक्षसांची सोंगं मुखवटे घालून रिंगणात नाचतात. पुराणातली सगळी गोष्ट अशी एकामागून एक नाचत पुढे जाते. पहिलं सोंग येतं तेव्हा चांदण्या असतात, शेवटचं येतं तेव्हा उजाडलेलं असतं. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या घराकडे एक राक्षस होता. त्याला पुराणात काहीतरी नाव असणार, पण गावात त्याला सगळे आमचाच राक्षस म्हणायचे. आधी आजोबांचा राक्षस, मग बाबांचा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा मुखवटा, हिरवा रंग, वर आलेले दोन सुळे. तो वर्षभर माळ्यावर फडक्यात असायचा. होळी झाली की बाबा तो खाली काढायचे, काचकागदाने जुना रंग घासायचे आणि नवा द्यायचे. हिरव्या भुशीने त्यांच्या भुवया रंगलेल्या असायच्या.

मी वही घेऊन समोर बसायचे. "बाबा, निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा."

"म्हंजे आपला म्हातारा. पुढं कोन येतंय ते वरडून सांगतो तो."

"आणि उत्कर्षबिंदू म्हणजे गोष्ट जिथं सगळ्यात वर चढते ती जागा."

बाबांनी थोडा विचार केला. "जिथं संबळवाल्याचा हात दुखतो, ती."

मी हसले आणि वहीच्या समासात ते पेन्सिलीने लिहून ठेवलं. उपमा सांगितली: एक वस्तू दुसरीसारखी आहे म्हणणं. रूपक सांगितलं: एक वस्तू दुसरीच आहे म्हणणं. हे दोन मी कायम उलटसुलट करायचे. बाबांनी घासायचं थांबवून मुखवटा वर धरला. "आता मी तुला राक्षसासारखा दिसतो का?"

"हो, हिरव्या भुवया आहेत ना."

"ही तुझी उपमा. आन हा तोंडाला बांधला, पूजा झाली, संबळ वाजला, की कोन म्हनतं का राक्षसासारखा आला? राक्षस आला म्हनतात. मदला 'सारखा' गळून जातो. ते तुझं दुसरं."

आजही मी वर्गात रूपक असंच सांगते. 'सारखा' गळून पडला की रूपक. मुलं पुन्हा चुकत नाहीत. कुठल्या पुस्तकातलं आहे म्हणून एका सहशिक्षिकेने विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्या गावच्या एका माणसाने सांगितलं.

आठ-दहा दिवस असे गेले. मला वाटायला लागलं, पेपर निघणार. त्या उत्साहातच मी ते बोलले. सकाळची वेळ होती, बाबा सुळ्यांना पांढरा रंग देत होते, आणि मी वहीतून मोठ्याने वाचलं: "गौण पात्र म्हणजे कथेत कमी महत्त्वाचे असलेले पात्र." उदाहरण समोरच होतं. शहाण्यासारखी म्हणाले, "बाबा, म्हणजे तुमचा राक्षस. राजपुत्र प्रमुख, आणि तुमचा राक्षस गौण."

"गौण म्हंजे?"

"म्हणजे... कमी. तो येतो, राजपुत्राशी लढतो, मरतो. गोष्ट पुढं जाते."

"कमी," बाबा म्हणाले. ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. एक सुळा पांढरा झाला होता, एक नव्हता. "पुस्तकात लिवलंय?"

"हो."

संध्याकाळी मी पाहिलं तर अंगणात मुखवटा नव्हता. एकाच सुळ्याला रंग दिलेला, तसाच फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेला होता.

शब्द तोंडातून निघून गेला की तो कुठे जाऊन लागेल हे आपल्या हातात राहत नाही, हे मला त्या दिवसांत कळायला लागलं. मी वही उघडायचे आणि मिटायचे. ओट्यावरून उठून विहिरीपर्यंत जायचे आणि काहीच न घेता परत यायचे. ऊन इतकं की कौलं तडतडायची. बाबा शेतावरच्या कामाला जात, येत, जेवत. कुणाशी रागाने बोलत नव्हते. राग असता तर बरं झालं असतं.

बोहाड्याच्या आठ दिवस आधी देवळात प्रत्येक सोंगाच्या नावाने एक नारळ मांडतात. ज्या घराचं सोंग, त्या घराने येऊन आपला नारळ उचलायचा. उचलला म्हणजे सोंग नाचणार. सगळे उचलून झाले आणि आमचा तसाच राहिला. गावकीच्या म्हाताऱ्यांनी चार दिवस वाट बघायची ठरवली. तोवर उचलला नाही तर सोंग दुसऱ्या घरी जाणार होतं, आणि गेलेलं सोंग परत मिळत नसे.

राजपुत्राचं सोंग आमच्या शेजारच्या बळीराम काकांकडे. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच आले आणि उंबऱ्यातूनच सुरू झाले. "आरं, तू नाय आलास तर मी कोनाला मारू? देवळाच्या खांबाला?"

"मार कोनाला पन. मी गौण हाय."

"काय हायस?"

"गौण. पोरीच्या पुस्तकात लिवलंय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "बघ म्हंजे! मी वीस वर्षं तलवार मारून दमलो, हा काय मरता मरत नाय. पोरीनं एक पुस्तक मारलं आन गडी आडवा!" आई चुलीपाशी हसली. बाबाही हसले, पण उठले नाहीत. काका जाताना मला म्हणाले, "मोडलंस ते तूच जोड गो. मला नवा राक्षस नको. हा मला ओळखीचा हाय, मान कुटं वाकवतो ते म्हायत हाय."

मी दुसऱ्या दिवशी शहापूरला गेले आणि वर्ग सुटल्यावर सरांना विचारलं, "सर, गौणला दुसरा शब्द आहे का?"

"दुय्यम म्हण. साहाय्यक म्हण. पूरक चांगला आहे." सर चष्म्यावरून बघत होते. "का गं?"

मी वही पिशवीत घातली. ते म्हणाले, "पण परीक्षेत गौणच लिही. तपासणारा तो शब्द शोधत असतो."

परतीच्या गाडीत मी 'पूरक' हा शब्द खिडकीशी धरून बसले होते. घरी आल्या आल्या बाबांना म्हटलं, पुस्तकात दुसराही शब्द आहे, पूरक. म्हणजे ज्याच्याशिवाय पुरं होत नाही असा. बाबांनी विळ्याला धार लावणं चालू ठेवलं. "कालपतूर कमी होता, आज पुरा झाला. शब्द तुमचेच, कवाबी बदलाल."

तिसरा दिवस तसाच गेला. त्या संध्याकाळी सांगायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं, म्हणून मी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी काही सांगितलं नाही, विचारलं. "बाबा, तुमच्यात काय म्हणतात? पुस्तकात प्रमुख आणि गौण, तसं तुमच्यात?"

बाबांनी हाताच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "सोंगं दोन जातीची. उभी राहनारी आन पडनारी. बळीराम उभा राहतो. ते काय, कोनीबी उभं राहतं. पडायला अंग लागतं. तोंडावर लाकूड बांधल्यालं, खालचं काय दिसत नाय. गुडघा आधी जमिनीला, मग खांदा, मग पाठ. तोंड शेवटी, वर आभाळाकडं. पिपानीचा सूर तुटायच्या आत. जरा चुकलं की मुखवटा फुटला. माझ्या बाच्या हातात हा आला तवापासून याला एक टवका नाय उडाला. माझ्याकडं बावीस वर्षं झाली. कमी हाय?"

मग त्यांनीच विचारलं, "तू बघितलंस कधी मला पडताना?"

आणि मला आठवेना. लहानपणी राक्षस मरताना मी रडायचे, म्हणून आई माझ्या डोळ्यांवर पदर धरायची. संबळ जोरात वाजायचा, लोक ओरडायचे, पदर दूर व्हायचा तेव्हा बाबा कडेला बसून पाणी पीत असायचे. थोडी मोठी झाले तशी परीक्षा यायच्या. ऐन सोंगाच्या वेळी मी घरी वही घेऊन. वडील ज्या गोष्टीत तरबेज आहेत ती मी एकदाही पाहिली नव्हती, आणि तिला वहीतलं विशेषण लावून मोकळी झाले होते.

"नाय पाहिलं," मी म्हटलं.

"मग औंदा बघ. बघ आन मग ठरव कमी का जास्त."

सकाळी ते देवळात गेले. नारळ घेऊन आले. दुसऱ्या सुळ्याला रंग दिला.

माझा साहित्यविचाराचा पेपर नेमका बोहाड्याच्या सकाळी आला. पेपर अकराला, पण आमच्याकडून सहाची गाडी खात्रीची. नंतरची साडेनऊची आली तर आली. राक्षस उजाडायच्या आधी नाचतो, तेव्हा दोन्ही जमेल असा हिशोब होता. मी परीक्षेचे कपडे घालूनच रिंगणापाशी आले, पिशवीत हॉल तिकीट, दोन पेनं, आईने दिलेली चपाती. पण मधल्या एका सोंगाचा मुकुट सुटला, एक पिपाणीवाला जेवायला गेला तो लवकर आला नाही, आणि सगळंच लांबलं. पूर्वेकडे फटफटलं. टेंभ्यांच्या ज्योती फिक्या दिसायला लागल्या. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होते. निवेदक म्हातारा कुठलीतरी वंशावळ सांगत होता आणि मला वाटत होतं, आटपा, आटपा. बाबांचं सोंग म्हणून आटपा आणि माझी गाडी म्हणूनही आटपा. दोन्ही आटपा एकमेकांवर आपटत होते.

शेवटी संबळ बदलला. लोकांची फळी फुटली आणि हिरवा मुखवटा आला. खांदे झुकवलेले, गुडघे वाकवलेले, पायातले चाळ जड. ते बाबांचे पाय होते हे मला माहीत होतं, तरी क्षणभर ओळखू आले नाहीत. 'सारखा' गळून गेला होता. बळीराम काका तलवार उगारून समोर आले. पहिला फेरा झाला. दुसरा सुरू झाला.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

मी रिंगणाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दाबला. तो दाब थांब म्हणून होता की जा म्हणून, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. मी धावले. गाडीत बसले तरी संबळ ऐकू येत होता, शेणव्याच्या वळणापर्यंत. मी मागे वळून बघत होते. मागच्या काचेवर फक्त धूळ होती.

पेपरात तो प्रश्न आला. 'गौण पात्र म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा.' पाच गुण. मी पेन धरून थोडा वेळ बसले. बाजूच्या मुलीच्या पुरवणीचा आवाज येत होता. मग मी लिहिलं, कथेत प्रमुख पात्राच्या तुलनेत कमी महत्त्वाचे असलेले पात्र म्हणजे गौण पात्र. उदाहरण सरांनी वर्गात दिलेलं. अक्षर चांगलं आलं होतं. त्या पेपरात मी पास झाले, पदवी मिळाली, पुढे बी.एड. झालं, नोकरी लागली. पुढच्या चैत्रात मी बी.एड.ला लांब होते आणि त्याच्या पुढच्या चैत्राआधी बाबांचा गुडघा कायमचा गेला. आता राक्षस माझा चुलतभाऊ नाचवतो. चांगला पडतो, असं म्हणतात.

त्या दिवशी दुपारी घरी पोचले तर आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "तुझा बाबा औंदा पडलाच नाय."

"म्हणजे?"

"पडलाच नाय! तीन फेऱ्यांत पडायचं, तो आपला नाचतोय. बळीराम तलवार मारून मारून घामाघूम. रिंगनात वरडतोय, 'आरं पड की आता, बायकापोरं जेवायची हायत!' लोकं हसून हसून लोळली. पिपानीवाल्याचा दम गेला तवा कुटं थांबला, आन चालत चालत बाहेर आला. म्हातारे रागावलेत. राक्षस जित्ता राहिला म्हनतात, आता गोष्ट पुढं कशी जायची."

बाबा आत चटईवर उताणे पडले होते. माझी चाहूल लागली तसे उठून बसले. कानामागे हिरवा रंग राहिला होता, आणि मुखवट्याची दोरी आवळल्याचा वळ कपाळावर.

"आला का पेपरात? ते कमीचं?"

"आला."

"काय लिवलंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. "पुस्तकातलं."

"मार्क मिळतील?"

"मिळतील."

"बरं केलंस," बाबा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यांच्या आवाजात काही दुखलेलं मी शोधत होते, सापडलं नाही. मी त्यांच्यासाठी तांब्या भरून आणला. ते पाणी पीत असताना विचारलं, "बाबा, पडला का नाय तुमी?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. दोन बोटं डोळ्यांपुढे आडवी धरली, मधे बारीक फट ठेवून, आणि त्या फटीतून माझ्याकडे पाहिलं.

"आतून दिसतं ते येवढंच. तू कुटं दिसंना. म्हटलं, असंल इकडंच, गर्दी हाय. दिसली की पडतो."